खोली मोकळी करून देताना

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाने विद्यार्थी होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी आमच्या साहेबांपुढे अगदी ठणकावून मांडलं होतं. (म्हणजे मनातल्या मनात. तोंडातून फक्त "हो साहेब" एवढंच बाहेर आलं.) आमचं ऑफिस पाणीपुरवठ्याचं. यापुढे हेड क्लार्क व्हायचं असेल तर एक वर्षाचा डिप्लोमा लागेल असा नियम निघाला, आणि बढतीच्या रांगेत नेमका मी पहिला होतो. माझ्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी माझं मनापासून अभिनंदन केलं.

कॉलेज परगावी. हॉस्टेलच्या रेक्टरांनी मला आदराने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "मुलाला नाही आणलंत बरोबर?"

"मुलगा घरी आहे. ॲडमिशन माझी आहे," मी म्हणालो.

हॉस्टेलमध्ये एकही जागा शिल्लक नाही, हे त्यांना त्याच क्षणी आठवलं. शेवटी एका चष्म्याच्या दुकानदाराच्या घरात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. खोली म्हणजे खोलीचा तिसरा हिस्सा. तीन खाटा, तीन कपाटं, एक टेबल आणि आधीपासून राहत असलेली दोन मुलं.

त्यातला एक आर्किटेक्चर शिकत होता. त्याच्या काखेत कायम पुठ्ठे असायचे, म्हणून सगळे त्याला पुठ्ठ्या म्हणत. दुसरा इंजिनिअरिंगचा. त्याला भोंगा म्हणत. का म्हणत, हे मला बरेच दिवस कळलं नाही, कारण माझ्यासमोर तो आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसा बोलायचा.

पहिल्या दिवशी बॅग घेऊन जिना चढत होतो तेव्हा वरून हसण्याचा आवाज येत होता. साधं हसणं नाही, चांगला गडगडाट. मला बरं वाटलं. चला, घर आनंदी आहे, असं म्हणत मी दार ढकललं आणि आवाज बंद झाला. दोघं ताडकन उभे राहिले. एकाने खाटेवरचे मोजे उचलून खिशात घातले. दुसरा "या काका, बसा काका" म्हणाला आणि त्याने भिंतीवरचं कसलंसं चित्र हळूच उलटं करून ठेवलं.

हे आवाज बंद होणं माझ्या चांगल्याच ओळखीचं आहे. माझा मुलगा साधारण याच वयाचा. मी हॉलमध्ये आलो की तो उठून आपल्या खोलीत जातो. भांडण नाही, अबोला नाही. "चार्जर कुठे आहे?" आणि "आईला विचार" या दोन वाक्यांवर आमचं नातं काही वर्षं व्यवस्थित चाललेलं आहे. बायको म्हणते, या वयात मुलं अशीच असतात. असतीलही. पण आपण खोलीत पाऊल टाकावं आणि आपल्याच मुलाने उठावं, याचं मला वाईट वाटतं. कुणाला सांगत नाही, पण वाटतं.

तेव्हा मी मनाशी ठरवलं, की घरी जे जमलं नाही ते इथे जमवायचं. या दोन पोरांशी आपलं जमलं पाहिजे. त्यांना आपली अडचण होता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना भोंग्याने हळूच विचारलं, "काका, तुम्ही अभ्यास कधी करता?"

मी गेल्या पंचवीस वर्षांत अभ्यास केलेला नव्हता. पण विद्यार्थी दिसलो पाहिजे म्हणून म्हणालो, "संध्याकाळी. संध्याकाळीच माझं डोकं चालतं. आणि तुम्ही संध्याकाळी काय करता?"

"काही नाही काका. असेच बसतो."

असेच बसतो! म्हणजे काय ते मला कळलं. म्हणजे तो गडगडाट. ही बिचारी पोरं दिवसभर कॉलेजात खपून संध्याकाळी खोलीवर येणार, जरा पाय पसरून हसणार, आणि तिथे मी पुस्तक उघडून बसलेला असणार. त्यांचे मोजे पुन्हा खिशात जाणार. छे! मी तिथल्या तिथे निर्णय घेऊन टाकला. आपलं कॉलेज पाचला सुटलं तरी जेवण उरकेपर्यंत खोलीवर जायचंच नाही. खोली त्यांना मोकळी करून द्यायची. आणि त्यांना याचा पत्ताही लागू द्यायचा नाही, कारण सांगून केलेला त्याग हा त्याग नसतो, असं मला त्या वेळी वाटत होतं. (आता वाटत नाही. आता मी बायकोला पंखा पुसला तरी सांगतो.)

पण जायचं कुठे? कॉलेजची लायब्ररी लवकर बंद व्हायची. बागेत बसलो तर सगळी बाकं जोडप्यांनी भरलेली, आणि एकटा प्रौढ माणूस फायलीआडून बघतोय म्हटल्यावर ती जोडपी उठून जायला लागली. (तिथेही मी आलो की लोक उठतात!) शेवटी मला बस स्टॉप सापडला. छप्पर होतं, दिवा होता, लाकडी बाक होतं. बस स्टॉपवर माणूस कितीही वेळ बसला तरी त्याला कोणी काही विचारत नाही, असा माझा समज होता.

तो चुकीचा निघाला. त्या रस्त्यावर एकच बस सारखी फेऱ्या मारायची. पहिल्या दिवशी ड्रायव्हरने दार उघडलं. मी मान हलवली. पुढच्या फेरीला पुन्हा दार उघडलं. मी पुन्हा मान हलवली. आठवड्याभरात तो मला ओळखायला लागला. एकदा रिकामी बस थांबवून खाली वाकून म्हणाला, "साहेब, एक विचारू? घरी भांडण झालंय का?"

"नाही हो. मुलांना जरा खोली मोकळी मिळावी म्हणून बसतो."

त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "सगळ्यांचं असंच आहे," तो म्हणाला आणि गिअर टाकून निघून गेला. त्यानंतर तो दार उघडायचा नाही, नुसता हात करायचा.

रात्रीचं जेवण खाणावळीत उरकून मी खोलीवर जायचो. मुलंही जेवूनच यायची. कधी ती आधी, कधी मी आधी. मी आधी पोचलो की मला माझ्या त्यागाची फळं बघायला मिळायची. दिवा चालू. टेबल खोलीच्या मधोमध ओढलेलं. माझी खाट भिंतीपासून सरकवलेली, पांघरूण विस्कटलेलं, खाली बिस्किटांचा चुरा. एकदा तर माझ्या पुस्तकाखाली चौकटची राणी सापडली. पत्ते! पोरं पत्ते खेळत होती! मला इतका आनंद झाला की मी ती राणी नीट पुसून टेबलावर उभी करून ठेवली.

सकाळी मी मिस्किल हसून विचारायचो, "काय, काल संध्याकाळ कशी गेली?"

दोघं एकमेकांकडे बघायचे. "छान गेली काका. तुमची?"

"एकदम छान."

"डोकं चाललं ना?"

"जोरात."

एवढं बोलणं झालं की तिघंही समाधानाने चहा प्यायचो. मला वाटायचं, जमतंय.

तो पत्ता फार मळका होता, म्हणून मी पत्त्यांचा एक कोरा कॅट विकत आणून काही न बोलता टेबलावर ठेवला. म्हाताऱ्याचं मनही मोठं असू शकतं, हे त्यांना कळावं एवढाच हेतू. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याने तो कॅट बघितला, मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला आदर दिसला. थोडी भीतीही दिसली, पण आदराबरोबर ती येतेच.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. माझ्या उशीला बामचा वास यायला लागला होता. चांगला उग्र वास. एवढ्या तरुण पोरांचं अंग दुखतं? मी भोंग्याला बाजूला घेऊन म्हणालो, "कंबर दुखत असेल तर लाजायचं नाही बरं का. यात काही कमीपणा नाही."

भोंगा गहिवरलाच. म्हणाला, "काका, आम्ही तेच बोलत होतो." आणि त्याच रात्री टेबलावर रबराची एक नवीकोरी शेकायची पिशवी आली. मुलांनी स्वतःसाठी आणली, छान झालं, असं मी मनात म्हणालो. "वापरा हं काका," पुठ्ठ्या म्हणाला. मला वाटलं, किती चांगले संस्कार. आपल्या वस्तूला दुसऱ्याला हात लावू देणारी मुलं हल्ली कुठे मिळतात?

मग ती शाळा मोडली.

पुठ्ठ्याने परीक्षेसाठी एका शाळेचं मॉडेल केलं होतं. पुठ्ठ्याचंच, दोन मजली, पुढे व्हरांडा, व्हरांड्याला बारीक काड्यांचे खांब, खिडक्यांना खरोखर उघडणारी दारं. महिनाभर तो सकाळी उठून त्यावर काम करत होता आणि सोमवारी ते द्यायचं होतं. त्यावर त्याचं वर्ष अवलंबून होतं. शुक्रवारी मी जेवून खोलीवर आलो, तर पुठ्ठ्या जमिनीवर बसला होता आणि त्याच्या पुढ्यात शाळा. दोन मजल्यांचा एकच मजला झाला होता. कोणीतरी तिच्यावर चांगलं ऐसपैस बसलं होतं.

मला लगेच उलगडा झाला. खेळता खेळता मस्ती झाली असणार. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे रे. या वयात होतं असं."

पुठ्ठ्याने वर पाहिलं. डोळे भरलेले, पण आवाज अगदी समजूतदार. "हो काका. होतं. या वयात नीट दिसत नाही."

"दिसतं रे. भान राहत नाही."

"तुम्ही अजिबात वाईट वाटून घेऊ नका."

"मी कशाला वाटून घेऊ? तू वाटून घेऊ नकोस. मी कोणाला सांगणार नाही."

"आम्हीही नाही सांगणार काका."

भोंगा कोपऱ्यात उभा होता. तो काळजीने म्हणाला, "काका, लागलं तर नाही ना तुम्हाला?"

"मला? मला काय लागणार?"

"नाही, खांब टोकदार होते."

स्वतःच्या मित्राचं एवढं नुकसान झालेलं असताना हा मुलगा माझी चौकशी करतोय, हे बघून मला भरून आलं. (व्हरांड्याच्या खांबांचा माझ्याशी काय संबंध, असा प्रश्न पडायला हवा होता. पडला नाही. म्हणून तर माझी हेड क्लार्कची बढती एवढी लांबली.)

शनिवारी आणि रविवारी आम्ही तिघांनी मिळून ती शाळा पुन्हा उभी केली. मी कारकून माणूस, सरळ रेषेत कापायचं आणि घडी घालायचं काम मला बरं जमतं. एकदा माझं बोट गच्चीला चिकटलं आणि बराच वेळ मी शाळेसकटच फिरत होतो, तेवढं सोडलं तर मदत झाली. काम करताना माणूस बोलतो. पुठ्ठ्याने सांगितलं, की वडिलांना तो दुकानात बसायला हवा होता आणि ते अजून त्याला "घरं बांधून झाली की ये" असं टोमण्यात म्हणतात. भोंग्याने सांगितलं, की त्याच्या आईला त्याच्या हसण्याची फार काळजी वाटते, अशाने मुलगी कोण देणार म्हणून.

"तुमचा मुलगा काय करतो काका?"

"कॉमर्सला आहे."

"त्याला काय आवडतं?"

मी विचार करायला लागलो. खांब हातात तसाच. बऱ्याच वेळाने म्हणालो, "चार्जर."

दोघं हसले. जरासेच, दबून, पण माझ्यासमोर हसले. मीही हसलो. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं, की ते विनोद म्हणून घेतायत आणि मला खरंच दुसरं उत्तर माहीत नाही. मला ते फार लागलं. मी खाली मान घालून पुढची काडी चिकटवली.

सोमवारी शाळा पास झाली. आणि सोमवारी संध्याकाळी मी दुप्पट उत्साहाने बस स्टॉपवर जाऊन बसलो. दोन दिवस जवळ आले म्हणून लगेच पोरांच्या गळ्यात पडायचं नाही. एवढं तारतम्य मला आहे.

थंडी आता चांगलीच वाढली होती. त्याच आठवड्यात नगरपालिकेला ते बाक आठवलं. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे जाऊन बसलो, फाईल उघडली, आणि जरा वेळाने बस आली. ड्रायव्हरने आज हात केला नाही. त्याने बस थांबवली, दार उघडलं आणि ओरडला, "साहेब, उठा! सकाळीच रंग दिलाय!"

मी उठलो. म्हणजे उठायचा प्रयत्न केला. बाकाने मला सहजासहजी सोडलं नाही. पँटच्या मागच्या बाजूला हिरवे पट्टे उमटले होते, अगदी समान अंतरावर. अशा अवस्थेत खाणावळीत जाणं शक्य नव्हतं. मी फाईल पाठीमागे धरून, भिंतीच्या कडेकडेने खोलीवर आलो.

जिन्यातच मला तो आवाज ऐकू आला. हसण्याचा गडगडाट. पहिल्या दिवशी ऐकला होता तसाच. (मधूनमधून त्यात खोकला होता. थंडीचे दिवस आहेत, मी मनात म्हटलं.) माझ्या मनात आलं, आत जावं. पण आत गेलो की तो बंद होणार. मी वरच्या पायरीवर बसलो, रंग लागणार नाही अशा बेताने एका कुशीवर, आणि ऐकत राहिलो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं. थंडीत बसतोय तो कुणाच्या तरी सुखासाठी बसतोय. घरीही मी असंच काहीतरी करायला हवं होतं, असं वाटून गेलं.

एवढ्यात खालून पावलं वाजली. पुठ्ठ्या वर येत होता. त्याने भोंग्याला दंडाला धरलं होतं. भोंग्याच्या डोक्याला मफलर, नाक लाल, दात वाजतायत, अंगात चांगला ताप.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"काका, तुम्ही बाहेर?"

"तुम्ही बाहेर?"

आतून कोणीतरी ओरडलं, "हुकूम!"

"मग आत कोण आहे?" भोंग्याने विचारलं.

"मला वाटलं तुम्ही आहात."

"आम्हाला वाटलं तुम्ही आहात."

"मी कशाला असेन? मी रोज बस स्टॉपवर बसतो."

"का?"

"तुम्हाला हसता यावं म्हणून."

पुठ्ठ्याने भोंग्याला भिंतीला टेकवून उभं केलं. "काका, आम्ही रोज कॉलेजच्या सायकल स्टँडवर बसतो."

"एवढ्या थंडीत? का?"

"तुम्हाला अभ्यास करता यावा म्हणून. तुम्हीच म्हणालात ना, संध्याकाळीच डोकं चालतं."

मी काही बोललो नाही. चालणाऱ्या डोक्याचा माणूस बोलला असता.

पुठ्ठ्याने दार उघडलं. टेबलाभोवती चार म्हातारे बसले होते. माझ्या कोऱ्या कॅटचे पत्ते त्यांच्या हातात. एकाच्या गुडघ्यावर शेकायची पिशवी. एक जण माझ्या खाटेवर, माझ्या उशीला टेकून, माझं पांघरूण खांद्यावर घेऊन बसला होता. आणि टेबलाच्या टोकाला आमच्या घरमालकांचे वडील. हे निवृत्त हेडमास्तर. रोज सकाळी फाटकात हात मागे बांधून उभे असायचे आणि त्यांची नजर पडली की आम्ही तिघंही आपोआप शर्टाची वरची गुंडी लावायचो. त्या हेडमास्तरांनी आम्हाला बघितलं आणि हातातले पत्ते झटकन मांडीखाली सरकवले.

"दार वाजवायची पद्धत आहे की नाही?" ते म्हणाले. मग त्यांना खोली कोणाची ते आठवलं. आवाज खाली आला. "सूनबाईला सांगू नका."

"पण आजोबा, तुम्ही इथे कसे?"

"किल्ली आहे माझ्याकडे. तुम्ही तिघं रोज संध्याकाळी बाहेर. मला वाटलं, चांगली खोली आहे, रिकामी पडलीय."

"शाळेवर कोण बसलं होतं?" पुठ्ठ्याने विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला.

खाटेवरच्या जाड आजोबांनी वर्गात करतात तसा हात वर केला. "मी. मला वाटलं स्टूल आहे."

"स्टुलाला खिडक्या असतात का आजोबा?"

"चष्मा नव्हता रे डोळ्यांवर."

"चष्म्याच्या दुकानाच्या घरात बसून?" पुठ्ठ्या म्हणाला, आणि मग स्वतःच खाटेवर बसून डोकं धरून राहिला. भोंग्याला मी दुसऱ्या खाटेवर आडवं केलं. ज्यांच्या गुडघ्यावर पिशवी होती त्यांनी ती मुकाट्याने भोंग्याच्या पायाशी ठेवली. हेडमास्तरांनी खिशातून बामची बाटली काढली आणि त्याच्या कपाळाला बाम चोळायला लागले. चोळता चोळता ते भिंतीकडे बघून बोलत होते.

"खाली हॉलमध्ये मी गेलो की मुलगा टीव्हीचा आवाज कमी करतो. सून पदर सावरते. नातवंडं पुस्तकं काढतात. चाळीस वर्षं शाळेत हेच बघितलं, पण घरात नको वाटतं हो. म्हटलं, आपण संध्याकाळचं वर यावं. त्यांना जरा मोकळं होऊ द्यावं."

मी त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिलो. खाली त्याच्या नातवंडांना वाटत असेल, आजोबांना आपला कंटाळा आहे. वर हा बाम लावून हसतोय. आम्ही तिघं थंडीत. प्रत्येक जण कोणाला तरी जागा करून देत होता, आणि त्या जागेत बसलेलं मात्र भलतंच कोणीतरी. मला एकदम वाटलं, माझ्या घरातही हेच चाललं असणार. मुलगा उठतो तो मला कंटाळून नव्हे. बाबांना निवांत बसू द्यावं म्हणून उठतो! एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं कशी सुचली नाही? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली.

आणि त्याच वेळी माझ्या मागे स्फोट झाला. भोंगा हसत होता. ताप, खोकला, बाम सगळं विसरून माझ्या हिरव्या पट्ट्यांकडे बोट दाखवत तो हसत होता. त्याला भोंगा का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. जिन्याखालून सूनबाईंचा आवाज आला, "काय पडलं हो वर?" आणि चार म्हातारे एकाच वेळी खाटांखाली बघायला लागले, जागा आहे का म्हणून.

त्या दिवसानंतर आमच्या खोलीत एक नियम झाला. कोणी कोणासाठी उठायचं नाही. काही सलत असेल तर तोंडाने बोलायचं. हा नियम पाळायला लागल्यावर पहिल्यांदा आमची खरी भांडणं झाली. मी म्हणालो, "भोंग्या, हळू हस, माझा अभ्यास होत नाही." तो म्हणाला, "काका, तुम्ही हळू घोरा, माझी झोप होत नाही." पुठ्ठ्याने सांगून टाकलं, की माझा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा दोरीवर वाळत असला की त्याला डिझाइन सुचत नाही. मी तो बाहेर वाळत घातला. हेडमास्तरांची मंडळी आठवड्यातून दोनदा यायची, दार वाजवून. आणि मोजे आता खिशात जात नसत. ते टेबलावर असत, चहाच्या कपाशेजारी, आणि ते काढा म्हणून मी रोज ओरडत असे. इतकं छान वर्ष मी आयुष्यात काढलं नव्हतं.

डिप्लोमा कसाबसा झाला. निघताना भोंगा मला बस स्टॉपपर्यंत सोडायला आला. बसवर तोच ड्रायव्हर होता. मी खरोखर बसमध्ये चढलेला बघून त्याने दोन्ही हात जोडले.

घरी आलो तो मनाशी एक गोष्ट पक्की करूनच. दुसऱ्या दिवशी रविवार. मुलगा हॉलमध्ये सोफ्यावर पाय घेऊन मोबाईल बघत बसला होता. मी आत गेलो. तो उठला.

"थांब," मी म्हणालो. "बस."

तो बसला. मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. बस स्टॉप, बाम, शाळा, हेडमास्तर, हिरवे पट्टे, सगळं. तो हसला. जिथे हसायला हवं तिथे हसला, आणि पट्ट्यांच्या वेळी तर त्याने मोबाईल बाजूला ठेवला. मला वाटलं, इतक्या वर्षांचं काहीतरी सुटलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "तेव्हा यापुढे बाबांना त्रास होईल म्हणून तू उठायचं नाहीस. मनात असेल ते मोकळेपणाने बोलायचं."

तो सरळ होऊन बसला. "बोलू?"

"अरे, बोल की!"

"बाबा, मी उठायचो ते तुम्हाला त्रास होईल म्हणून नाही. मला एकट्याला बसायला आवडतं. बाकी काही नाही."

"अच्छा," मी म्हणालो.

"मग आता मी उठू, की तुम्ही उठता?"

नियम मीच केलेला. मी उठलो. जायचं कुठे हे न कळून गॅलरीचं दार उघडलं. तिथे बायको खुर्ची टाकून, पाय कठड्यावर ठेवून, हातात चहाचा कप घेऊन शांत बसली होती. माझी चाहूल लागली तशी ती मागे न बघताच म्हणाली, "अहो, इथे नको हं."